मालाला पावती, माणसाला नाही!

टाळेबंदीत गावाकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर वाटेत मृत्युमुखी पडले, असा साधा प्रश्न १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत विचारण्यात आला. अशी माहिती ठेवण्यात आलेली नाही, असे उत्तर केंद्रीय श्रम मंत्रालयाने दिले. त्याच अधिवेशनात मूळ राज्यांत परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र १ कोटी ४ लाखांहून अधिक सांगण्यात आला. म्हणजे निघालेले मोजले गेले, पोचलेले मोजले गेले. वाटेत राहिले ते कोणाच्याच हिशेबात नव्हते. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबत होते. देशाला त्यांची ओळख झाली ती रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांवरून.

हे केवळ प्रशासनाचे अपयश होते काय? मुळीच नाही. मजूर कामावर घेतला की त्याची खबर सरकारला दिलीच पाहिजे, हे बंधन या देशात चाळीस वर्षे कायद्यात लिहिलेले होते. ते पाळायचे नाही, हे मालकवर्गाने ठरविले होते. आणि न पाळणाऱ्याला हात लावायचा नाही, हे सरकारांनी.

कायदा काय सांगत होता?

ओडिशातून ‘दादन’ पद्धतीने परराज्यांत नेल्या जाणाऱ्या मजुरांच्या अमानुष लुटीमुळे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा करणे भाग पडले. पाच किंवा अधिक असे मजूर असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. मजूर भरती केल्यापासून १५ दिवसांच्या आत ठेकेदाराने त्याचा तपशील दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांकडे पाठवावा, जिथून आणला तिथल्या आणि जिथे नेला तिथल्याही. मजुराच्या हाती त्याचे छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे. मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांपैकी जो अधिक असेल तो विस्थापन भत्ता द्यावा. हे सारे त्यात स्पष्ट होते. मोडणाऱ्याला शिक्षाही होती: एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. हजार रुपयांच्या दंडाला कोणता ठेकेदार भीक घालणार?

कायद्याची पहिली परीक्षा दिल्लीतच झाली. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी उड्डाणपूल आणि क्रीडागारे उभारणाऱ्या मजुरांना किमान वेतनही पदरात पडत नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही वेठबिगारीच होय, असा निर्णय सप्टेंबर १९८२ मध्ये झाला. त्याच सुनावणीत हेही उघड झाले की, दिल्लीत हा कायदा २ ऑक्टोबर १९८० पासून लागू असूनही त्याचे नियम जून १९८२ पर्यंत बनलेच नव्हते. राजधानीत, सरकारी कामांवर, सरकारच्या डोळ्यांदेखत ही स्थिती. मग दूरच्या वीटभट्ट्यांची आणि दगडखाणींची गोष्ट काय सांगावी!

आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी? २९ जून २०२१ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, १९७९ च्या कायद्याखाली सर्व आस्थापनांची नोंदणी करा, ठेकेदारांना परवाने द्या आणि मजुरांचा तपशील देण्याचे ठेकेदारांचे कर्तव्य पूर्णपणे पार पाडले जाईल असे पाहा. हा आदेश म्हणजे चार दशकांच्या सरकारी बेपर्वाईचा पंचनामाच होता.

कर्तव्य मालकाचे, हेलपाटे मजुराचे

यावर सरकारने कोणता इलाज केला? २०२० च्या सप्टेंबरात विरोधी पक्षांच्या बहिष्कारात संहिता संमत करून घेतल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू केल्या. १९७९ चा कायदा त्यांत विसर्जित झाला. स्वतःहून परराज्यात आलेल्या मजुरालाही आता स्थलांतरित कामगार मानण्यात येते, ही एक सुधारणा जरूर झाली. परंतु एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले. पाच मजुरांची मर्यादा दहावर नेली. विस्थापन भत्ता गेला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही राज्यांना १५ दिवसांत खबर देण्याचे ठेकेदाराचे बंधन जाऊन त्याच्या जागी संगणकीय नोंदपट आला. त्यात मजुराने आधार क्रमांक देऊन, स्वयंघोषणेने आपले नाव आपणच नोंदवावयाचे!

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-श्रम’वर ३० कोटींहून अधिक नावे चढली, असे अभिमानाने सांगण्यात येते. पण त्या ३० कोटींत मालक कुठे आहे? मजुराने स्वतः केलेल्या नोंदीत तो मजूर आहे एवढेच सिद्ध होते. तो कोणाकडे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या वेतनावर राबतो, हे मालकाच्या सहीविना सिद्ध होत नाही. वेतन बुडाले, हात तुटला, तर दावा कोणावर लावायचा? मालकाचे नाव नसलेली मजुराची यादी ही मालकाच्या सोयीची यादी होय.

बांधकाम मजुरांनी हा अनुभव आधीच घेतला आहे. १९९६ च्या कायद्याने कल्याण मंडळे झाली, बांधकामावर उपकर बसला. पण लाभार्थी व्हायचे तर ९० दिवस काम केल्याचा दाखला मजुराने आणायचा, आणि तो मागायचा कोणाकडे? ज्याला त्याचे नाव कागदावर येऊच द्यायचे नाही, त्याच मालकाकडे!

‘आजच कामाला लागला’

कारखान्यांतील चित्र वेगळे नाही. हजेरीपटावर नाव चढविल्याखेरीज कोणाही प्रौढ कामगाराला कामावर लावता येणार नाही, अशी तरतूद १९७६ साली कारखाने कायद्यात मुद्दाम घालण्यात आली. कारण सर्वांना ठाऊक होते. निरीक्षक आला आणि यंत्रावर बिननोंदीचा माणूस सापडला की, ‘हा आजच कामाला लागला, साहेब’ हे उत्तर ठरलेले असे. राज्य विमा योजनेखाली नव्या कामगाराची माहिती नेमणुकीनंतर मोजक्या दिवसांत पाठविण्याचे बंधन मालकावर आहे. प्रत्यक्षात कित्येकांचे विमा कार्ड अपघातानंतरच जन्माला येते. हरयाणातील मोटार उद्योगाच्या जखमी कामगारांची पाहणी करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ संस्थेच्या अहवालांनी ही गोष्ट वारंवार नोंदविली आहे. बोटे प्रेसखाली गेली की मालकाला कामगाराचे नाव आठवते!

मालकांचे प्रवक्ते म्हणतात, एवढी कागदपत्रे म्हणजे ‘इन्स्पेक्टर राज’; लहान उद्योजक मरेल. हा कांगावा आहे. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा तर ट्रक हलण्यापूर्वी ई-वे बिल काढावे लागते. २०१८ पासून हेच मालक ते बिनबोभाट काढतात. लोखंडाच्या सळ्या कोठून निघाल्या, कोठे जाणार, कोणी पाठविल्या, कोणी घेतल्या, हे सरकारला क्षणात कळते. त्या सळ्या बांधणारे हात कोठून आले, हे मात्र कळू शकत नाही! बिलाविना माल सापडला तर कर बुडतो, म्हणून तेथे यंत्रणा जागी आहे. नोंदीविना माणूस सापडला तर फक्त मजुराचे बुडते, म्हणून येथे ती झोपली आहे.

बीडचा ऊसतोड मजूर हा या व्यवस्थेचा जिवंत पुरावा आहे. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता बेळगावकडे गेला तर १९७९ चा कायदा लागू होत असे. कोल्हापूरकडे गेला तर होत नसे, कारण राज्याची सीमा ओलांडलेली नसे. ऊस तोच, उचल तीच, खोपटही तेच. आणि दोन्हीकडे साखर कारखान्याचे उत्तर एकच: मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे.

पोलिसांची यादी नको, हक्काची नोंद हवी

मजुराची नोंद ठेवणे राज्ययंत्रणेला जमतच नाही, असे समजण्याचे कारण नाही. तिला संशयिताची नोंद चोख जमते. २०२५ साली दिल्ली, हरयाणा, ओडिशा, महाराष्ट्र येथे बंगाली बोलणाऱ्या मजुरांना ‘बांगलादेशी’ ठरवून पकडण्यात आले. भारतीय नागरिकांना सीमेपार ढकलून पुन्हा परत आणण्याची नामुष्कीही ओढवली. मालकाने रीतसर दिलेली नोंद आणि नेमणूकपत्र हाती असते, तर त्या मजुरांना आपली बाजू मांडायला आधार असता. म्हणून कामगार चळवळीची मागणी ठाण्यातल्या यादीची नाही. नोंद श्रम खात्याकडे हवी आणि तिची प्रत मजुराच्या हाती हवी.

हे स्वप्नरंजन नव्हे. १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात मंडळाकडे हमालाबरोबर मालकाचीही नोंदणी सक्तीची केली, मजुरी मंडळात जमा करायला लावली आणि वर लेव्ही आकारून भविष्यनिर्वाह निधीची व रजेची सोय लावली. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला निवृत्तीचा पैसा मिळाला तो संघटनेच्या जोरावर. जेथे संघटना जागी राहिली तेथे नोंद टिकली. जेथे ती सैलावली तेथे बोगस नावे आणि दलाल घुसले.

म्हणून दोष केवळ समोरच्यांना देऊन भागणार नाही. कित्येक कारखान्यांत कायम कामगारांच्या युनियनने फाटकाआतल्या ठेका मजुराची साधी गणतीही केलेली नाही. निधीची कपात नको, रोख पैसे हातात द्या, असे मजूर स्वतःच म्हणतो, अशी सबब कार्यकर्तेही सांगतात. चार महिन्यांच्या कामाचा निधी ज्याला कधीच परत मिळाला नाही, तो आणखी काय म्हणणार? त्याचा अविश्वास दूर करणे हे संघटनेचेच काम आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. कामावर घेतल्याच्या दिवशीच, पहिल्या पाळीपूर्वी नोंद. जबाबदारी मुकादमाची नव्हे, मूळ मालकाची. एकही मजूर असला तरी बंधन. नोंद नसल्यास मजुराचे म्हणणे खरे मानून सिद्धतेचा भार मालकावर. आणि नोंदवही तपासण्याचा अधिकार युनियनला. ९ जुलै २०२५ च्या देशव्यापी संपात श्रमसंहितांविरुद्ध कोट्यवधी कष्टकरी उतरले. त्या लढ्याला फाटकाफाटकावर, नाक्यानाक्यावर उतरविण्याचा हा मार्ग आहे. भिवंडी असो, सुरत असो वा भिलई, सभासदांनी आपल्या भागातील बिननोंदीच्या मजुरांची यादी स्वतः तयार करून ती श्रम कार्यालयात सामुदायिकरीत्या सादर करावी. सरकारकडे माहिती नाही, हे उत्तर पुन्हा कोणत्याही सभागृहात देता येऊ नये!