आधी मुलांची पोटगी, की कोर्टाची भरपाई?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील एक भगिनी दोन मुलांना घेऊन दारात उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कोर्टाचे कागद. मुले आत येऊन गुपचूप बसली. आम्ही चहा ठेवायला सांगितले तर म्हणाली, "चहा नको दादा, आधी हे कागद बघा. पोरांचे पैसे बंद झालेत. तो म्हणतो, कोर्टानंच बंद केलेत."

कागद पाहिले. कोर्टाने पैसे बंद केल्याचे कुठेच लिहिलेले नव्हते. झाले होते ते असे. नवरा एका कारखान्यात कामाला, हातात बावीस हजार पगार. दोघे तीन वर्षांपासून वेगळे राहतात. कोर्टाने दोन मुलांसाठी दरमहा प्रत्येकी तीन हजार, म्हणजे सहा हजार रुपये पोटगी ठरवून दिलेली. मध्यंतरी या गृहस्थाने एका सहकाऱ्याकडून उसने पैसे घेतले, चेक दिला आणि तो वटला नाही. खटला चालला, शिक्षा झाली आणि कोर्टाने सहकाऱ्याला नुकसानभरपाई देण्याचा हुकूम केला. त्या दिवसापासून मुलांचे पैसे थांबले. निरोप आला, "मला कोर्टानं भरपाई भरायला लावलीय, आता पोटगी कुठून देऊ?" सात महिने झाले. बेचाळीस हजार रुपये थकले.

आम्ही वकील नाही. कारकुनी करतो, बी.कॉम. झालो आहोत आणि फावल्या वेळात लोकांचे अर्ज लिहून देतो. पण अशा कागदांची सवय झाली आहे, आणि हा प्रश्न एकट्या या घराचा नाही. कर्ज, जामीनकी, चेक, पतपेढीचे हप्ते यांत आपली माणसे अडकतात आणि पहिली कात्री लागते ती मुलांच्या पैशांना. कारण मुले तगादा लावत नाहीत. म्हणून या वेळी याच विषयावर लिहितो आहोत.

पहिली गोष्ट अशी की एका कोर्टाचा भरपाईचा हुकूम दुसऱ्या कोर्टाचा पोटगीचा हुकूम रद्द करीत नाही. दोन्ही हुकूम आपापल्या जागी उभे राहतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ पोटगीसाठी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात तीच तरतूद कलम १४४ मध्ये आहे. परिस्थिती खरोखर बदलली असेल तर रक्कम कमी किंवा जास्त करून मागण्याची सोय कलम १४६ मध्ये आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. बापाने आपल्याच मनाने हिशेब करून पैसे बंद करायचे, ही सोय कोणत्याच कलमात नाही. तोपर्यंत प्रत्येक महिन्याचा आकडा थकबाकीत चढत जातो.

आणि अर्ज केला म्हणजे रक्कम कमी होतेच असेही नाही. पगारातून आयकर किंवा सक्तीचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, ती कपात कोर्टे साधारणपणे मान्य करतात. पण स्वतःच्या मर्जीने काढलेले कर्ज आणि त्याचे हप्ते दाखवून मुलांचा हक्क कमी करता येत नाही, असे उच्च न्यायालयांनी पुष्कळदा म्हटले आहे. अंगाने धडधाकट माणसाने वेळ पडल्यास अंगमेहनत करून बायकामुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालय २०१४ मध्ये म्हणाले आणि २०२२ मध्ये पुन्हा म्हणाले. न वटलेल्या चेकची भरपाई ही शेवटी उसन्या पैशातूनच आलेली असते. ती मुलांनी काढलेली नसते.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. नवऱ्याच्या मालमत्तेवर वित्तसंस्थांचा आणि तारण घेतलेल्या धनकोंचा हक्क असला, तरी बायकोमुलांच्या थकलेल्या पोटगीला त्याआधी पैसे मिळाले पाहिजेत, असे त्या आदेशात आहे. पोटगीचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील सन्मानाने जगण्याच्या हक्कातून येतो, असे त्याचे कारण दिले. तो आदेश धनकोंच्या कायदेशीर वसुलीविषयी आहे. चेकच्या खटल्यातील भरपाईविषयी तो नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. वाचलेले अर्धवट सांगून एखाद्या भगिनीला उगाच आशेला लावणे आम्हांस पटत नाही.

आता पगाराचे गणित. आमच्या धंद्याचा भाग म्हणून थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच पोटगीचे वेगळेपण आकड्यात दिसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. बावीस हजारांतून एक हजार बाजूला, राहिले एकवीस हजार. त्याचे दोन तृतीयांश चौदा हजार सुरक्षित. म्हणजे सावकाराला महिन्याला जास्तीत जास्त सात हजारांची जप्ती मिळेल, आणि तीही एका हुकूमनाम्यापायी एकूण चोवीस महिनेच. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित असतो. म्हणजे ७,३३३ रुपये त्याच्याकडे राहतात आणि १४,६६६ रुपयांपर्यंत जप्ती होऊ शकते. कर्जवाल्याच्या दुप्पट! कायदा करणाऱ्यांनी हा फरक उगाच ठेवलेला नाही. पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे याच कलमाखाली वसूल करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात स्पष्ट केले आहे.

चेकच्या भरपाईची वसुली वेगळ्या वाटेने जाते. ती दंडासारखी वसूल होते, म्हणजे जंगम मालाची जप्ती, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे. ती चुकवून तुरुंगात बसले तरी भरपाई फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. पोटगीचेही तसेच आहे. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही.

यावर ती भगिनी जे म्हणाली ते आम्हांला विसरता येत नाही. "दादा, त्याला आत टाकून मला काय मिळणार? नोकरी गेली तर पोरांचं तेवढंही जाईल." खरे आहे. म्हणून आम्ही तिला अटकेच्या वॉरंटमागे न लागता आधी पगारातून वसुली मागायला सांगितले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवस मोजायला सांगितले. वॉरंटने वसुली हवी असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. सात महिने झालेत, पाच उरलेत. "तो देईल, त्याची आई सांगते देईल," असे म्हणत वर्ष घालवलेल्या किती बहिणी आम्ही पाहिल्या!

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. ज्या सहकाऱ्याने पैसे उसने दिले तोही कोणी सावकार नव्हे. कदाचित मुलीच्या लग्नासाठी साठवलेले असतील. त्याचे बुडावेत असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही देणी फेडण्याची वाट कायद्यात आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. भरपाई ठरवताना आरोपीची देण्याची ऐपत पाहावी, ती हप्त्यांनीही द्यायला सांगता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले आहे. मग चेकच्या खटल्यात उभे असताना या गृहस्थाने पोटगीचा हुकूम कोर्टापुढे ठेवायला हवा होता. "साहेब, दोन मुलांचे सहा हजार दरमहा द्यायचे आहेत, भरपाईला हप्ते बांधून द्या," एवढेच म्हणायचे होते. त्याने ते कोर्टात न सांगता बायकोला सांगितले. चेकचा खटला आपसांत मिटवण्याचीही मुभा असते. सहकारी समजदार असेल तर अजूनही तडजोड होऊ शकेल.

आपल्या समाजात एक गैरसमज अजून आहे, तो इथेच दूर करतो. आपण बौद्ध म्हणून हिंदू विवाह कायदा, १९५५ आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ आपल्याला लागू नाहीत, असे काहीजण सांगत फिरतात. नाव काहीही असो, हे दोन्ही कायदे बौद्धांना लागू आहेत आणि मुलांच्या निर्वाहाची जबाबदारी त्यांतही घातलेली आहे. मात्र १९५६ च्या कायद्यात एक खाच आहे. बाप वारल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कर्जे फेडली जातात, मग आश्रितांचा निर्वाह. हुकूमनाम्याने, कराराने किंवा मृत्युपत्राने त्या मालमत्तेवर निर्वाहाचा बोजा ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. नवऱ्याच्या नावावर खोली किंवा गावची जमीन असेल त्या भगिनींनी हे आपल्या वकिलाला आठवणीने विचारावे.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवेचे कार्यालय असते. साधा अर्ज, ओळखपत्र आणि कोर्टाचे कागद एवढे घेऊन जावे.

परवा तो गृहस्थच आमच्याकडे आला. बहुधा बायको कोर्टात जाणार हे कानावर गेले असावे. रागाने आला होता, पण पाणी प्यायल्यावर शांत बसला. म्हणाला, "मी काही हरामखोर नाही. मध्ये मुलाला बूट घेतले, वह्या घेतल्या. ते पैसे कोण धरणार?" आम्ही म्हटले, बूट घेतलेस ते चांगले केलेस, पण कोर्टाने मान्य केल्याशिवाय ते सहा हजारांतून वजा होत नाहीत. पैसे हातात देत जाऊ नकोस, बँकेत तिच्या खात्यावर भर. तुझ्याकडेही पुरावा राहील, तिच्याकडेही. सगळे जमत नसेल तर जमेल तेवढे या महिन्यापासून सुरू कर आणि बाकीसाठी अर्ज कर.

त्याने पगाराची पावती दाखवली. पतपेढीचे दोन हप्ते, त्यांतला एक मोटारसायकलचा. मोटारसायकलवर आम्ही काही बोललो नाही. तोच खाली मान घालून बसला. पहिल्या तारखेला तीन हजार भरतो म्हणाला आहे. भगिनीचा वसुलीचा अर्ज तरीही गेल्या सोमवारी दाखल झाला.