लस फुकट आहे, पण खाडा कोण भरून देणार?

‘त्यांच्यात जागृतीच नाही हो.’ पहिल्या पिढीचे पदवीधर असलेले आपणही हल्ली हे वाक्य सहज बोलून जातो. मूल लसीला आणलं नाही, की आई अडाणी ठरते. मला हे मान्य नाही.

सरकारी लस फुकट मिळते. पण जन्मानंतर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी, मग नऊ महिने झाल्यावर, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, अशा किमान पाच खेपा घालाव्या लागतात. पगारी माणूस अर्धी रजा टाकतो. रोजंदारीवरच्या बाईचा मात्र तो खाडा असतो, आणि दुसऱ्या दिवशी मूल तापलं की आणखी एक.

चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी आहे. तिथे सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे, परप्रांतीय मजूर आहेत. त्याच तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर ओडिशाची कुटुंबं राबतात. तमिळनाडूची आरोग्यव्यवस्था आपल्याहून उजवी. गावची नर्स गरोदर बाईची नोंद ठेवते. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून १९८७ पासून गरीब बाळंतिणीला बुडालेल्या मजुरीपोटी मदत मिळते. आता तिचा एक हप्ता बाळाच्या लसींशी जोडलेला आहे. म्हणजे खाड्याचा हिशोब सरकारला करता येतो! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिथली सुमारे ८९ टक्के बालकं पूर्ण लसीकरण झालेली होती, महाराष्ट्रात सुमारे ७३ टक्के. मराठी आया तमिळ आयांपेक्षा कमी मायाळू आहेत का?

पण चांगली व्यवस्थाही नोंदवहीवर चालते. भट्टीवरचं कुटुंब अर्धं वर्ष इथे, अर्धं गावी. ते मूल कोणत्या नर्सच्या वहीत लिहायचं? दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या बीडच्या ऊसतोड टोळीलाही हाच प्रश्न आहे. २०२२ मध्ये मुंबईत गोवर पसरला तो गोवंडीत, मलबार हिलवर नाही.

आणि हे फक्त पैशाचं नाही. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानच्या गावांतल्या दलित मुलांचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये आला. तपासताना स्पर्श टाळणं, औषध देताना अंतर राखणं, हे त्यात नोंदलं आहे. जिथे हात लावायला कचरतात, तिथे आई पुन्हा कशाला जाईल?

आपली मुलं आता खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे जातात. जाऊ देत, कमावलंय आपण. पण आपण गेलो तशी सरकारी केंद्रावर भांडणारी शिकलेली माणसंही गेली. भांडायचं ते यासाठी: भट्टीवर, फडावर, नाक्यावर सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी लसीकरण, मुलामागे राज्याबाहेरही चालणारी नोंद, लसीच्या दिवसाची मजुरी, आणि कोणती मुलं सुटली याची जातनिहाय, वस्तीनिहाय आकडेवारी दर वर्षी जाहीर. ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसात हा अर्ज लिहायला पदवी पुरते.