खा-खा सुटते ती कुणामुळे?

‘स्वयंसहाय्य’ म्हटलं की आपल्याला बचतगट आठवतो. दहा-वीस बायका, एक वही, सगळ्यांसमोर मोजलेले पैसे. खाण्याचा प्रश्न आला की मात्र त्याच शब्दाचा अर्थ होतो, ‘तुझं तू बघ, मनावर ताबा ठेव.’ आपल्या कार्यकर्त्याही हेच सांगतात. मला हे मान्य नाही.

आटगाव भागातल्या बैठकांत, ओळख मुरल्यावर, एखादी हळूच सांगते : सगळे निजले की उरलेली भाकरी, शेव, साखर, हाताला लागेल ते खाते. थांबताच येत नाही. मग रडते. घरचे हावरट म्हणतात. हिचा दिवस कुणी विचारला का? पहाटे चहा, मग शेत नाहीतर कसारा लोकल, सर्वांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं. वर चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार. रात्री खा-खा सुटणार नाही तर काय?

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट पुरुष स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहिले. पुढे अन्न मिळू लागलं, तेव्हा काहींना पोट भरूनही थांबता येईना. पुरुषांचं झालं की प्रयोग, बाईचं झालं की खादाडपणा!

ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचं या त्रासावरचं १९९५ सालचं पुस्तक उपास सांगत नाही. ठरल्या वेळी तीन जेवणं, मध्ये थोडं खाणं, आणि काय, कधी, कोणत्या मनःस्थितीत खाल्लं त्याची वही. ब्रिटनच्या २०१७ च्या सूचनांतही प्रौढांसाठी पहिला उपाय हाच, पण अधूनमधून बोलायला जाणतं माणूस सोबत हवं. वजन उतरेल असा वायदा मात्र त्यात नाही. आपल्याकडे गाजलेला ‘दोनदाच जेवा’ हा सल्ला मधुमेहाला कितपत लागू ते डॉक्टर सांगतील. या बाईला तो देणं म्हणजे आगीत तेल.

लिहिता येत नसेल तर खुणा चालतील. अडचण वहीची नाहीच. वेळेवर जेवणं तिच्या एकटीच्या हाती कुठे आहे? आधी कुणाचं ताट वाढायचं ते घर ठरवतं. म्हणून हप्ता विचारतो तसं गटानं विचारावं, ‘आज कधी जेवलीस?’ आणि सासूलाही विचारावं. महिनाभरात फरक पडला नाही तर मानसोपचार तज्ज्ञ गाठावा. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं बोलली तर मात्र महिनाभर थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा, आणि तिच्याजवळ कुणीतरी बसायचं.