प्रबंध गावात परत आला पाहिजे

आमच्या कचेरीत आठवड्याला एक तरी अभिनंदनाची बातमी येते. अमुक गावच्या सुकन्येस वा सुपुत्रास पीएच.डी. मिळाली, प्रबंधाचा विषय अमुक, मार्गदर्शक तमुक, सोबत छायाचित्र. आम्ही ती आनंदाने छापतो. परंतु त्या बातमीत एक गोष्ट हटकून नसते, ती म्हणजे या व्यक्तीने शोधले काय! पाठविणाऱ्यास ते लिहावेसे वाटत नाही आणि आम्हांसही ते विचारण्याचे सुचत नाही. इतर विषयांत हे एक वेळ खपून जाईल. पण ज्यांचा प्रबंध लोकांच्या आजारांविषयी, बाळंतपणांविषयी, व्यसनांविषयी आणि मनोव्यथांविषयी असतो, ज्यांनी त्यासाठी शेकडो घरांचे उंबरठे झिजविलेले असतात, त्यांच्या बाबतीत हे मौन खपवून घेणे आम्हांस उचित वाटत नाही.

आरोग्य आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवर संशोधन कशासाठी, असा प्रश्न आजही सुशिक्षित माणसे विचारतात. रोग बरे करावयास वैद्य आहेत, मग तेथे समाजशास्त्रज्ञाचे काय काम? 2020 च्या कोविड महामारीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. विषाणू प्रयोगशाळेत ओळखता येतो. परंतु माणूस आजार का लपवितो, लस घेण्यास का कचरतो, रोजंदारीवरील मजूर ताप अंगावर का काढतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते माणसांत बसून, त्यांच्या भाषेत बोलून आणि ऐकलेल्याची कसून पडताळणी करून शोधावे लागते.

उदाहरणासाठी फार दूर जावयास नको. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि त्यांच्यापाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नवा विषाणू शोधून काढला आणि गोचिडीच्या दंशातून तो माणसाच्या शरीरात शिरतो, हे दाखवून दिले. पुढे 2015 साली हा माकडताप आमच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात प्रकटला; पुढच्याच वर्षी सीमेपलीकडील दोडामार्ग तालुक्यालाही त्याची झळ पोचली. त्यात काजूबागांत राबणारी माणसे मोठ्या प्रमाणात सापडली. पालापाचोळ्यातून गोचिडी सुटण्याचे दिवस आणि बोंडू वेचण्याचे दिवस, दोन्ही एकाच वेळी येतात, हे त्यामागील कारण.

वैद्यकशास्त्राचे सांगणे येथे संपते आणि खरे प्रश्न येथून सुरू होतात. आरोग्य केंद्रातून गोचिडी दूर ठेवणारे तेल दिले, तरी बागेत जाणारी बाई ते अंगाला लावते का? लावीत नसेल तर का नाही? वासामुळे, उकाड्यामुळे, की बाटली संपल्यावर दुसरी आणावयास जाणे म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविणे असते म्हणून? जंगलात मेलेले माकड दिसले तर ते कोणास कळवावे हे लोकांना ठाऊक आहे काय? आणि ठाऊक असूनही चौकशीचा ससेमिरा नको म्हणून कोणी गप्प राहते काय? बाग खंडाने घेतलेली असली आणि ऐन हंगामात घरातील कर्ता माणूस इस्पितळात पडला, तर ते घर पुढील पावसाळा कसा काढते? या एकेका प्रश्नावर एकेक प्रबंध होऊ शकेल. मार्क निक्टर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने 1987 साली कर्नाटकातील याच रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्याला 'विकासाचा रोग' असे नाव दिले होते. परदेशातून येऊन एकाने असा अभ्यास करावा आणि सत्तरीच्या पायथ्याशी वाढलेल्या आमच्या मुलांनी पदवीसाठी भलतीकडचे विषय शोधीत फिरावे, यास काय म्हणावे?

असे संशोधन किती दूरवर पोचते याचे दाखले आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे, हे 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. तोपर्यंत खेड्यातील स्त्री म्हणजे कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट, यापलीकडे सरकारी दप्तराची दृष्टी फारशी जात नव्हती. पुढे 1999 साली त्यांनीच सिद्ध केले की, गावातील प्रशिक्षित स्त्रीने घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल केली तर त्या बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी होतात. आमच्या गोमंतकातही 1996 साली स्थापन झालेल्या 'संगात' या संस्थेने असेच मोलाचे काम केले आहे. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्यांना मदत करता येईल काय, याची परीक्षा गोव्यातील 24 दवाखान्यांत घेण्यात आली. सरकारी आरोग्य केंद्रांत चांगला गुण दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. आणि 2010 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा या दोन्ही गोष्टी सांगण्यात आल्या. आपल्या मनासारखे उत्तर आले नाही तरी ते लपवावयाचे नाही, हा धडा संशोधनाच्या वाटेवरील प्रत्येक विद्यार्थ्याने गिरवावा असा आहे.

ही कामे पदवीसाठी झालेली नाहीत, हे खरे. गोमंतकात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यापाशीही पीएच.डी. नव्हती, हेही खरे. म्हणून पदवीच निरर्थक असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कोसंबी शतकातून एखादाच जन्मतो. उरलेल्यांना शिस्तीची गरज असते. प्रश्न नेमका मांडणे, आधीच्यांनी काय शोधले ते वाचणे, नैतिकता समितीपुढे उत्तर देणे, कोणाला विचारावयाचे हे नियमाने ठरविणे आणि शेवटी परीक्षकांच्या भडिमारापुढे टिकणे, ही तालीम पदवीच्या निमित्ताने घडते. ती टाळून कोणी दुसऱ्याकडून प्रबंध लिहवून घेत असेल, तर तो विद्यापीठाची फसवणूक करतोच. शिवाय ज्या रुग्णांच्या नावाने तो आकडे मांडतो त्यांचीही करतो. खोट्या आकड्यांवर उद्या एखादी योजना उभी राहिली, तर तिची किंमत कोण मोजणार?

तथापि सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी या पदवीस किमान तीन वर्षांची मर्यादा घातली, नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधनाची वाट मोकळी केली आणि दुसऱ्या विभागातील वा संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्यास मुभा दिली. नियम चांगले आहेत. प्रश्न अंमलाचा आहे. अर्धवेळ संशोधनासाठी मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. आरोग्य केंद्रातील परिचारिका किंवा तरुण वैद्यकीय अधिकारी असे प्रमाणपत्र मागावयास गेली, तर 'मग काम कोण करणार?' हा प्रश्न तिच्या वाट्यास येऊ नये. वीस वर्षे घरोघर फिरलेल्या परिचारिकेपाशी जे प्रश्न साठलेले असतात, ते पाहुण्या संशोधकाला वर्षभर हिंडूनही सुचावयाचे नाहीत. तसेच, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय आणि ताळगावच्या पठारावरील विद्यापीठ यांतील अंतर मोटारीने काही मिनिटांचे आहे. तेथील सामाजिक वैद्यकाचा प्राध्यापक आणि येथील समाजशास्त्राचा प्राध्यापक एकाच प्रबंधावर एकत्र बसावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. आणि शिष्यवृत्ती कागदावर कितीही घसघशीत असली, तरी ती महिन्याच्या महिन्याला हातात पडली नाही तर गरीब घरची मुलगी गावोगाव फिरण्याचे बसभाडे कोठून आणणार?

आता आमचा मुख्य आग्रह. अशा संशोधनात ज्याला प्रश्न विचारावयाचे त्याची संमती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. म्हणून संमतीपत्र मराठीत, कोकणीत होते. बाई ते ऐकते, सही वा अंगठा देते आणि आपल्या नवऱ्यालाही न सांगितलेल्या गोष्टी एका परक्या मुलीला विश्वासाने सांगते. त्यातून प्रबंध सिद्ध होतो तो बहुधा इंग्रजीत. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर तो चढतो, ग्रंथालयाच्या कपाटात त्याची बांधीव प्रत बसते, नावामागे उपाधी लागते. आणि ती बाई मात्र वाट पाहणेही विसरून गेलेली असते. घेताना तिची भाषा आणि देताना परकी भाषा, हा व्यवहार सरळ नाही.

यावर उपाय खर्चाचा नाही. आरोग्यविषयक प्रत्येक प्रबंधासोबत दहा पानांचा मराठी वा कोकणी सारांश सक्तीचा करावा. तोंडी परीक्षेपूर्वी संशोधकाने तो संबंधित गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, लोकांच्या शंकांना उत्तरे द्यावीत आणि कोणाचेही नाव वा खूण त्यातून उघड होणार नाही याची दक्षता घ्यावी. विद्यापीठाने मनावर घेतले तर येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू करता येईल. ग्रामसभेतील प्रश्न परीक्षकांच्या प्रश्नांपेक्षा सोपे असतील, असे मात्र कोणी समजू नये.

आमच्याकडूनही चूक झाली आहे, ती सुधारण्यास आम्ही बांधील आहोत. यापुढे पीएच.डी.च्या अभिनंदनाची बातमी पाठविणाऱ्यांनी छायाचित्रासोबत आपण काय शोधले ते दोनशे शब्दांत लिहून पाठवावे. छायाचित्रास जागा उरली नाही तरी चालेल. त्या दोनशे शब्दांना आम्ही जागा देऊ.