सत्तर गुणिले सात, आणि त्याआधीची वीस वचनं

ख्रिस्ती माणसाला गप्प बसवायचं असेल तर बायबलमधलं एक वचन पुरतं. मत्तयच्या शुभवर्तमानातला अठरावा अध्याय, एकविसावं-बाविसावं वचन. भावाला सात वेळा क्षमा केली म्हणजे पुष्कळ झालं, असं पेत्राला वाटतं. येशू तो आकडा सत्तरने गुणतो. चारशे नव्वद. म्हणजे मोजूच नकोस.

मी हे वचन संडे स्कूलमध्ये पाठ केलं आणि त्यावर बक्षीस म्हणून खोडरबर मिळवला. पुढे मोठी झाले तशी एक गोष्ट लक्षात यायला लागली. हे वचन कोण कोणाला ऐकवतं? सासू सुनेला ऐकवते. मोठा भाऊ जमिनीचा वाटा न मिळालेल्या बहिणीला ऐकवतो. ट्रस्टचे पदाधिकारी हिशेब मागणाऱ्या सभासदाला ऐकवतात. उलट दिशेने ते जाताना मला दिसलेलं नाही. भाडं थकलेल्या भाडेकरूसाठी घरमालकाला कुणी ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हटल्याचं तुम्ही ऐकलंय का?

मी वाढले त्या मंडळीत एक ताई होत्या. नवरा दारू पिऊन मारायचा. त्या माहेरी निघून गेल्या, तेव्हा मंडळीतले चार वडीलजन त्यांना आणायला गेले. प्रार्थना झाली, वचन वाचलं गेलं, हेच वचन. ताई परत आल्या. पुढच्या रविवारी नवऱ्याने उपासनेत उभं राहून साक्ष दिली, प्रभूने मला क्षमा केली. लोकांनी हालेलुया म्हटलं. ताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी क्षमा केली आहे का, हे त्यांना कुणीही विचारलं नाही. गृहीतच धरलं होतं.

हे जे झालं त्याला मी क्षमा म्हणायला तयार नाही. ती वसुली होती. ज्याचं देणं होतं तो मोकळा सुटला, आणि जिचं येणं होतं तिच्याकडूनच पुन्हा घेतलं गेलं.

आता ज्या वचनाच्या जोरावर हे चालतं, त्याच्या आधीची वीस वचनं वाचू या. अध्याय सुरू होतो तो लहान मुलापासून. सर्वांत मोठा कोण, असा शिष्यांचा प्रश्न असतो आणि येशू एका मुलाला त्यांच्या मध्ये उभं करतो. लगेच सहाव्या वचनात तो म्हणतो की अशा लहानांपैकी एकाला जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं त्याला परवडलं. मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट येते: नव्व्याण्णव मेंढरं डोंगरावर ठेवून एकाला शोधायला जाणारा धनी. आणि पंधराव्या वचनापासून चक्क कार्यपद्धती दिली आहे. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका समज.

आमच्याकडे याला एस्कलेशन मॅट्रिक्स म्हणतात.

हे सगळं झाल्यावर पेत्र विचारतो, किती वेळा? म्हणजे साताच्या सत्तर वेळा हे उत्तर ज्या खोलीत दिलं गेलं, तिथे मध्ये एक मूल उभं आहे, जात्याच्या तळीचा उल्लेख होऊन गेला आहे, आणि अपराधाला अपराध म्हणण्याची रीत नुकतीच शिकवून झाली आहे. ती वीस वचनं वगळून एकविसावं वाचणं म्हणजे करारातलं फक्त आपल्या फायद्याचं कलम वाचणं.

नंतरचा दाखलाही बघा. एका दासाचं राजाकडे दहा हजार तालांतांचं देणं असतं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. रोजची मजुरी पाचशे रुपये धरली तर तीन हजार कोटी. राजा ते सोडून देतो. हाच दास बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी, म्हणजे आपल्या हिशेबात पन्नास हजारांसाठी, सोबतच्या दासाचा गळा धरतो. प्रमाण सहा लाखांस एक.

या दाखल्यात झापलं कोणाला जातंय? ज्याचा हात दुसऱ्याच्या गळ्यावर आहे त्याला. ज्याचा गळा धरला गेलाय त्याला नाही. गोष्ट वरच्याला ऐकवण्यासाठी होती. आपण ती दोन हजार वर्षं खालच्याला ऐकवत आलो.

कुणी म्हणेल, पण ज्याच्यावर अन्याय झाला तोही एका अर्थाने सावकारच की, त्याचंही येणं आहे, त्यानेही ते सोडायला हवं. मान्य. ख्रिस्ती असण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे आणि ती पातळ करायची माझी इच्छा नाही. पण येणं सोडायचं तर ते आधी वहीत लिहिलेलं असावं लागतं. बँकसुद्धा कर्ज निर्लेखित करते ते त्याची नोंद असते म्हणून. मंडळीने ताईंच्या बाबतीत वही उघडलीच नाही. जे लिहिलंच नाही ते सोडणार कसं?

मराठीत ‘माफी’ शब्दाचा एक वाद आपल्याला चांगला माहीत आहे. शेतकरी चळवळीतून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की कर्जमाफी म्हणू नका, आम्ही गुन्हा केलेला नाही, कर्जमुक्ती म्हणा. २०१९ च्या महाराष्ट्र सरकारच्या योजनेच्या नावातही कर्जमुक्ती हाच शब्द आला. शब्द कुठलाही घ्या, एक गोष्ट बदलत नाही: बँकेला ते पैसे कुणीतरी भरतं. देणं हवेत विरत नाही, एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जातं. ख्रिस्ती विश्वासात त्याची किंमत वधस्तंभावर भरली गेली असं आम्ही मानतो. कृपा घेणाऱ्याला फुकट मिळते. तिची किंमत शून्य असते असा त्याचा अर्थ नाही. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली आलेल्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ हा शब्द वापरला तो याच फसवणुकीसाठी: पश्चात्ताप नाही, बदल नाही, नुसती क्षमेची पावती. एप्रिल १९४५ मध्ये नाझींनी त्यांना फाशी दिलं. ते स्वस्तात बोलत नव्हते.

इथे हमखास ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव पुढे केलं जातं. बघा, त्या बाईंनी क्षमा केली, आणि तुला एवढंसं जमत नाही? म्हणून त्यांनी नेमकं काय केलं ते बघू. २२ जानेवारी १९९९ ची रात्र. ओडिशातल्या केओंझार जिल्ह्यात मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवली. ग्रॅहम १९६५ पासून तिथल्या कुष्ठरुग्णांसोबत काम करत होते. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. पण खटला थांबला नाही. २००३ मध्ये दारा सिंगला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे क्षमा केली म्हणून अपराध अपराध राहिला नाही, असं झालं नाही. आणि ग्लॅडिस त्यानंतरही काही वर्षं बारिपद्यात राहून कुष्ठरुग्णांचं काम करत राहिल्या.

दुसरं उदाहरण सिस्टर राणी मारिया यांचं. मध्य प्रदेशात सावकारीखाली पिचलेल्या भूमिहीन लोकांना त्या संघटित करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या प्रवासात, बसमधल्या लोकांसमोर, समुंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. तो सुटला २००६ मध्ये. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं, तेव्हा तो तिथे हजर होता.

या दोन्ही घटनांत क्षमा करणारी व्यक्ती तीच आहे जिचं माणूस गेलं. तिच्या वतीने कुणी बिशप, कुणी कमिटी, कुणी नातेवाईक परस्पर सही करून आला नाही. त्यांची क्षमा आपल्याला हलवते ती एवढ्यासाठी की ती मागता येण्यासारखी नव्हती. ती मागितली गेली असती तर क्रूरपणा ठरला असता. जे दान आहे त्याचं आपण दुसऱ्यासाठी टार्गेट करतो, तिथेच ते नासतं.

आणि दुखावलेल्याकडे धाव घेण्याआधी दुखावणाऱ्याला काय सांगितलंय ते तरी वाचावं. त्याच मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण घेऊन आल्यावर तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चालत जायचंय ते अपराध करणाऱ्याने. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय जकातदार तर आकडाच सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. त्या नवऱ्याला चार वडीलजनांपैकी एकानेही चौपट शब्द उच्चारून दाखवला असता तर?

हे सगळं वाचून माझ्या पिढीने खूश व्हायचं कारण नाही. आपल्याकडे दोन वेगळ्या पळवाटा आहेत.

पहिली रील्सवरची. ‘क्षमा करा, समोरच्यासाठी नाही, स्वतःच्या मनःशांतीसाठी.’ झोप नीट लागावी म्हणून राग सोडणं चांगलंच आहे, जरूर सोडा. पण त्यात समोरचा माणूस कुठे आहे? त्याचं काय झालं, तो बदलला का, पुढच्या कुणाला त्याच्यापासून धोका आहे का? शुभवर्तमानातली क्षमा हरवलेल्या मेंढराला शोधायला निघते. रीलमधली क्षमा ब्लॉक करून मेडिटेशन लावते. दोन्हींना एकच शब्द वापरू नये.

दुसरी पळवाट उलटी आहे: स्क्रीनशॉट. माणसाने सात वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं ते आपण जपून ठेवतो आणि तेवढाच तो माणूस, असं धरून चालतो. अपराध उघड करणं गरजेचं असतं. वर सांगितलेली कार्यपद्धती तेच सांगते. पण तिथे पहिली पायरी एकांताची आहे आणि हेतू भाऊ परत मिळवण्याचा आहे. आपल्या पद्धतीत परतीचा रस्ताच ठेवलेला नाही.

पंडिता रमाबाईंनी हा रस्ता विटामातीने बांधला. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे सिस्टर्स सन्मानाने वागवत होत्या, पुन्हा उभं करत होत्या. अशा बाईला दया दाखवायची नसते, असंच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. हे दृश्य आपल्या मनाला कसं भिडलं ते त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं आहे. नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशा बायकांसाठी घर काढलं आणि त्याला नाव दिलं ‘कृपासदन’. छप्पर, जेवण, काम. मंडळीने आमच्या ताईंना असं एक घर दाखवलं असतं, सहा महिने तिथे राहा म्हणाली असती, आणि मग नवऱ्याकडे वळून चौपटीची भाषा केली असती, तर मी त्याला कृपा म्हटलं असतं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. कोडमध्ये चूक गेली की ती दोन प्रकारे काढता येते. फोर्स पुश केलं तर इतिहासच पुसला जातो, जणू काही झालंच नव्हतं. रिव्हर्ट केलं तर चूक इतिहासात तशीच दिसत राहते आणि तिचा परिणाम उलटवणारी नवी नोंद तिच्यापुढे लागते. शहाणी टीम सगळ्यांच्या शाखेवर फोर्स पुश करू देत नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थान झालेला येशू थोमाला दिसतो, तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. मरणातून उठवणाऱ्या देवाला त्या खुणा पुसणं काही जड नव्हतं.

तेव्हा पाळकसाहेब, फादर, वडीलजनहो, पुढच्या वेळी व्यासपीठावरून साताच्या सत्तर वेळा म्हणाल, तेव्हा अठराव्या अध्यायाच्या पहिल्या वचनापासून वाचा. पाच मिनिटं जास्त लागतील. सहाव्या वचनावर थोडं थांबा, पंधराव्यावर आणखी थोडं. मग क्षमेबद्दल बोला. तिसऱ्या रांगेतली बाई तेव्हा काय करेल ते तिचं ती ठरवेल. कदाचित क्षमा करेल, कदाचित अजून दहा वर्षं लागतील. तोवर तिला राहायला जागा आहे का, एवढं मंडळीने बघावं.