आपल्या आगगाडीचे प्रमाण कोणते?

१८९१ साली कोल्हापूर–मिरज लोहमार्ग सुरू झाला. योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीतील लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मर्कलिन या खेळणी कारखान्याने चावीची आगगाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळलेले होते. पण महत्त्वाची गोष्ट गाडी नव्हतीच. रुळांमधील अंतर ठरावीक असेल, त्या अंतरांना क्रमांक असतील, आणि आज घेतलेल्या रुळांवर पुढच्या वर्षी घेतलेला डबाही चालेल, असे त्या कारखान्याने ठरवले होते. त्यामुळे एकदा विकत घेऊन संपणारे खेळणे वर्षानुवर्षे वाढवत नेण्याचा छंद बनले.

आपल्याकडे हा निर्णय अजून नीट झालेला नाही, आणि तो चुकीचा होऊ नये यासाठी हा लेख आहे.

खेळण्यातली गाडी आणि गाडीची प्रतिकृती यांत फरक असतो. खेळण्याला चाके असली आणि ते सरकले की झाले. प्रतिकृतीत खऱ्या गाडीचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागलेले असावे लागते. जगात सर्वांत जास्त खपणारे प्रमाण १:८७ आहे. त्याला ‘एचओ’ म्हणतात. त्याचे रूळ एकमेकांपासून १६.५ मि.मी. अंतरावर असतात. १६.५ ला ८७ ने गुणून पाहा. १४३५.५ येतात. युरोप-अमेरिकेतील बहुतेक खऱ्या रुळांमधील अंतर १४३५ मि.मी. आहे. हिशेब चोख बसला.

आता आपली ब्रॉडगेज घ्या. तिचे अंतर १६७६ मि.मी. याला ८७ ने भागले तर १९.२६ मि.मी. येतात. म्हणजे १:८७ प्रमाणाचा भारतीय डबा बाजारात मिळणाऱ्या १६.५ मि.मी. रुळांवर ठेवला, तर त्याची चाके पावणेतीन मि.मी.ने आत ओढलेली असतात. समोरून पाहिले की डबा पाय जुळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसतो. भारतीय इंजिने व डबे करणारी हौशी मंडळी आणि लहान कारागीर आज बहुधा याच प्रमाणात काम करतात. त्यांच्या हाताला मी नावे ठेवणार नाही. खिडकीच्या गजांपर्यंत बारकावे साधणारे लोक आहेत. पण पायथाच चुकलेला आहे.

असे पूर्वी एकदा झाले आहे. इंग्लंडमधील खरी इंजिने युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान असतात. सुरुवातीच्या काळात मिळणाऱ्या विजेच्या मोटारी १:८७ प्रमाणाच्या इंग्रजी इंजिनात मावेनात. तेव्हा तिथल्या कारखानदारांनी वरचे शरीर १:७६.२ प्रमाणाचे केले आणि खाली रूळ मात्र १६.५ मि.मी.चेच ठेवले. मोटारी पुढे लहान झाल्या, अडचण संपली, पण तोपर्यंत लाखो घरांत ते रूळ पोचले होते. त्या प्रमाणाने पाहिले तर इंग्लंडचे रूळ १२५७ मि.मी.चे होतात! ही चूक तिथे आजही चालू आहे. हॉर्नबी या प्रसिद्ध कारखान्याने २०२२ मध्ये १:१२० हे नवे प्रमाण बाजारात आणले, त्यात रूळ व गाडी यांचे गणित जुळते. पण जुने मोडीत काढणे कोणालाच परवडत नाही.

मग आपण काय करावे? माझे उत्तर १:१०० आहे.

१६७६ ला १०० ने भागा. १६.७६ मि.मी. येतात. जगभर मिळणारे १६.५ मि.मी.चे रूळ त्यापेक्षा फक्त पाव मि.मी.ने कमी आहेत. दीड टक्क्याची ही चूक डोळ्याला दिसणारी नाही. चाकांचेही तसेच. आपल्या आयसीएफ पद्धतीच्या डब्याचे चाक नवे असताना ९१५ मि.मी. व्यासाचे असते, म्हणजे प्रतिकृतीत ९.१५ मि.मी. अमेरिकन मालडब्यांसाठी विकले जाणारे ३३ इंची चाक १:८७ मध्ये ९.६ मि.मी.चे असते. रूळ तयार, चाके तयार. करायचे ते वरचे शरीर. आणि मीटरचा सेंटिमीटर करायला सहावीच्या मुलालाही कागद-पेन्सिल लागत नाही.

१:१०० प्रमाणाची घरे, माणसे आणि झाडे कुठून आणायची, असा आक्षेप एचओवाले घेतात. वास्तुविशारद इमारतींच्या प्रतिकृती करताना १:१०० हेच प्रमाण सर्रास वापरतात आणि त्यासाठी लागणारी झाडे-माणसे विकतही मिळतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: परदेशी १:८७ गाडी शेजारी उभी केली तर आपली लहान दिसेल. दिसेल. पण कोल्हापूरच्या फलाटावर जर्मन गाडी कशाला हवी आहे?

आता किमतीकडे वळू, कारण बहुतेकांचा छंद तिथेच थांबतो. युरोपातील नामांकित कारखान्याचे नवे एचओ इंजिन आज साधारण तीनशे ते पाचशे युरोंना पडते. इतक्या लहान वस्तूला एवढे पैसे का? पोलादी साच्यामुळे. वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून इंजिनाचे शरीर तयार होते. तो साचा कोरायला लागणारा खर्च शंभर इंजिने काढा की दहा हजार, सारखाच असतो. समजा आराखडा व साचे यांना वीस लाख रुपये लागले आणि प्रत्येक नगाचा माल-मजुरी खर्च दीड हजार आहे. पाचशे नग काढले तर एक साडेपाच हजारांना पडेल. पाच हजार काढले तर एकोणीसशेला.

हे लक्षात आले की दरवर्षीच्या ‘नव्या’ इंजिनांचे गूढ उलगडते. स्वित्झर्लंडच्या डोंगरात धावणारे ‘क्रोकोडाइल’ हे लांब नाकाचे विजेचे इंजिन मर्कलिन गेली अनेक दशके पुन्हा पुन्हा बाजारात आणत आहे. कधी तपकिरी, कधी हिरवे. साचा एकदा केला की रंग बदलून त्याचा खर्च पुन्हा पुन्हा वसूल करता येतो. यात लबाडी नाही. उलट असे केले नाही तर कारखाना टिकणार नाही. मर्कलिनचेही २००९ साली दिवाळे निघाले होते, आणि पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या खेळणी उद्योगाने तो घेतला. माझी तक्रार वेगळी आहे. प्रत्येक नव्या इंजिनात शिट्टीचा आवाज, डब्यातले दिवे, संगणकी नियंत्रण घालून किंमत चढवत नेतात. नवशिक्या मुलाला बिनआवाजाचे, नुसते नीट धावणारे इंजिन हवे असते, आणि तेच यादीतून नाहीसे होत चालले आहे. (याच क्रोकोडाइलचे भाऊबंद आपल्या भोर घाटात मालगाड्या ओढत होते. तो साचा कोणी करील तर पहिले गिऱ्हाईक मी.)

आपल्याकडे यात जकातीची भर पडते. खेळण्यांवरील आयात जकात फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. जकातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांबरोबरच येतात. म्हणजे दहा हजारांचे इंजिन इतर कर धरण्यापूर्वीच सतरा हजारांचे होते. देशी खेळणी कारखान्यांना आधार मिळावा हा हेतू मला पटतो. बाहुल्या आणि चेंडू करणारे कारखाने इथे आहेत. त्यांना त्याचा उपयोग आहे. पण १६.५ मि.मी.चे रूळ व अचूक चाके मोठ्या प्रमाणावर करणारा देशी कारखाना मी पाहिलेला नाही. शेतात पीक नसताना कुंपण घालून काय मिळवले? रूळ, चाके, लहान मोटारी यांवरची जकात उतरवावी आणि संपूर्ण गाड्यांवरची खुशाल ठेवावी, असे माझे मत आहे. मग वरचे शरीर इथे करण्यात कोणाला तरी फायदा दिसेल.

आणि ते करायला दूर जायला नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या वसाहतींत ओतकाम, पॅटर्न आणि यंत्रकाम यांत मुरलेले हात आहेत. इंजिनाचे सुटे भाग ओतणाऱ्यांना बोटभर इंजिन कठीण नाही. खऱ्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचे वजन सुमारे ११३ टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शंभरने भागल्या की वजन दहा लाखांनी भागले जाते, म्हणजे ११३ ग्रॅम. एवढ्या हलक्या इंजिनाची चाके डबे ओढताना घसरतील. म्हणून प्रतिकृतीत जस्ताच्या मिश्रधातूचा जड ओतीव सांगाडा घालतात. त्यात मेख अशी की जस्तात शिशाची भेसळ राहिली तर काही वर्षांत ओतीव भाग फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी प्रतिकृती अशा गेल्या.

एका ठिकाणी माझी योजना लंगडते, तेही सांगतो. कोल्हापूरची मूळ गाडी मीटरगेजची होती. ब्रॉडगेज आली ती १९७१ च्या सुमारास. १:१०० मध्ये मीटरगेज बरोबर १० मि.मी.ची होते आणि बाजारात रूळ मिळतात ९ मि.मी.चे. दहा टक्क्यांची चूक. वाफेचे ते जुने इंजिन करायचे तर रूळ हाताने जोडावे लागतील. माथेरानची गाडी त्यामानाने सुदैवी: ६१० मि.मी.चे ६.१ होतात आणि जर्मनीत ६.५ मि.मी.चे रूळ १९७२ पासून मिळत आहेत.

तोवर कारखानदारांची वाट पाहत बसायचे कारण नाही. आयसीएफ डब्याचे शरीर २१.३४ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद असते. दोन मि.मी. जाड पुठ्ठ्यातून २१.३४ सें.मी. लांब आणि ३.२५ सें.मी. रुंद तळपट्टी कापा. स्टेशनवर जाऊन खिडक्या मोजा, दोन खिडक्यांमधील अंतर लिहून घ्या. चाके सर्वांत शेवटी विकत घ्या, कारण खर्च तेवढाच आहे.