जुनी मोटार आणि तिचे सुकाणू

इंदूर संस्थानचे अखेरचे अधिपती महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या मोटारींच्या षोकाविषयी आपल्यापैकी पुष्कळांनी घरांतील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. माणिकबाग राजवाड्याप्रमाणेच त्यांची ड्यूसेनबर्ग मोटारही जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. तिचा सांगाडा व यंत्र अमेरिकेतले, तर वरची देखणी काया लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने घडविलेली. तिचे वर्णन करताना आठ नळकांड्यांचे यंत्र, सुपरचार्जर आणि ३२० अश्वशक्ती यांचा उल्लेख हमखास होतो. त्या मोटारीच्या दोन पुढच्या चाकांमध्ये एक अखंड आस होता आणि तो पोलादी पाट्यांवर टेकलेला होता, म्हणजे तत्त्वतः आपल्या टांग्याचीच रचना, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

शक्तीचे कौतुक होते. दिशा देणारा भाग गाडीच्या पोटाखाली चिखलात राहतो. जुन्या मोटारी हौसेने बाळगणाऱ्यांची संख्या हल्ली वाढली आहे, आणि तीत शाळा-कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले तरुणही आहेत. त्यांच्यापुढे माझे एक स्पष्ट मत ठेवावेसे वाटते. जुन्या गाडीत सुधारणा करावयाचीच असेल तर पहिला रुपया पुढच्या सस्पेन्शनवर, स्टिअरिंगवर आणि ब्रेकवर खर्च झाला पाहिजे. यंत्राची पाळी त्यानंतर.

याबाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. १९६४ साली पाँटिअॅक जीटीओ ही मोटार निघाली आणि मध्यम आकाराच्या गाडीत प्रचंड यंत्र बसविण्याची तेथे लाटच आली. त्या गाड्यांना ‘मसल कार’ असे नाव पडले. जीटीओचे यंत्र सुमारे ६.४ लिटरचे होते. परंतु चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक होते, टायर अरुंद होते आणि स्टिअरिंग असे संथ की, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास अनेक फेरे द्यावे लागत. सरळ रस्त्यावर बाणासारखी जाणारी गाडी वळणावर मात्र चालकाच्या हाताबाहेर जाऊ पाही. आज ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत ते लोक त्यांच्या पुढच्या भागातच पैसा ओततात. रॅक अँड पिनियनचे स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, नवे बाहू, नवे शॉक-अॅब्सॉर्बर हा त्यांच्या यादीचा आरंभ असतो.

पण प्रत्येक सुधारणा पैशानेच होते असे नाही. १९६५ साली कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्यात फोर्डच्या मुस्टँग गाडीवर काम चाले. तेथे सस्पेन्शनच्या वरच्या बाहूची भोके सुमारे एक इंच खाली पाडीत. एवढ्याने गाडी वळणावर कलली तरी बाहेरचे चाक अधिक उभे राही आणि टायर रस्त्याला चांगला धरून ठेवी. एका इंचाचा हा फरक ज्याला सुचला त्याला भूमिती येत होती.

भूमिती म्हटल्याबरोबर कपाळाला आठ्या पाडणाऱ्या मित्रांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. कागदावर दोन निराळे मध्यबिंदू घ्यावेत आणि कंपासाने एकाच जागेतून जाणारे, पण निरनिराळ्या त्रिज्यांचे दोन वर्तुळखंड काढावेत. ते थोडा वेळ बरोबर चालतात आणि मग फाकतात. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा सस्पेन्शनचा बाहू एका वर्तुळखंडातून फिरतो व स्टिअरिंगचा टाय-रॉड दुसऱ्या. हे दोन्ही जुळत नसतील तर चालकाने स्टिअरिंग घट्ट धरले असतानाही चाक आपल्या मनाने किंचित वळते. गाडी खाली बसविण्याच्या हौसेने कोणी स्प्रिंग कापतो, तेव्हा मूळ अभियंत्याने जुळविलेले हे गणित तो करवतीच्या दोन फेऱ्यांत मोडून टाकतो.

आता आपल्या घरच्या गाडीकडे वळू. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीवरून घेतलेली. उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. लोक तिला ओबडधोबड म्हणून हसत. परंतु तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते आणि स्टिअरिंग पहिल्यापासूनच रॅक अँड पिनियनचे होते! अमेरिकन हौशी आज जे विकत घेऊन बसवितो ते आपल्या आजोबांच्या गाडीत जन्मतःच होते. तिच्या पुढच्या भागातील टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी पोलादी सळई, हीच युक्ती अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनेही आपल्या गाड्यांत वापरली होती. मुंबईच्या कुर्ला भागात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची तऱ्हा निराळी होती. तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि वर्म पद्धतीचे स्टिअरिंग असे.

म्हणून अॅम्बेसेडरवाल्यास माझे सांगणे असे की, नवे भाग धुंडाळण्यापूर्वी जुने भाग मुळात कसे होते ते पाहावे. किंगपिन झिजलेली, बूश फाटलेले, टाय-रॉडच्या टोकांत खेळ, शॉक-अॅब्सॉर्बरमध्ये तेलाचा थेंब नाही, अशा गाडीला ‘जुन्या बनावटीची’ म्हणून दोष देणे अन्यायाचे आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून ते वर-खाली धरून हलवावे. चाक खडखडले तर प्रथम दुरुस्ती करावी. सुधारणेचा विचार मागाहून. ग्रीस वेळच्या वेळी भरणे हे काम कोणाला मानाचे वाटत नाही, पण त्याच्याइतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही. रेडियल टायर घातल्यावर अलाइनमेंटचे जुने आकडे तसेच ठेवू नयेत. ते त्या काळच्या निराळ्या टायरांसाठी ठरविलेले असतात.

त्यानंतर बदल करावयाचा तर घराण्यातलाच घ्यावा. अॅम्बेसेडरच्या पुढील काळातील आवृत्त्यांत डिस्क ब्रेक आले, ते जुन्या गाडीला अधिक शोभतात. विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग हल्ली बसवितात. वृद्ध चालकासाठी ते उपकारक आहे, तथापि ते झिजलेल्या सांध्याचा दोष दूर करीत नाही, फक्त हाताला जाणवू देत नाही. आणि एका गोष्टीत मी हट्टी आहे. स्टिअरिंगच्या वाकलेल्या वा तडकलेल्या दांड्यावर वेल्डिंग करून देणारा मिस्त्री कितीही कुशल असो, त्याला नम्रपणे नमस्कार करावा आणि गाडी परत न्यावी.

यावर दुसरा पक्ष म्हणतो की, जुनी वस्तू जशीच्या तशीच राहिली पाहिजे. या म्हणण्यात तथ्य आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी नियम केले. त्यांत सांगाडा, काया अथवा यंत्र यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करू देत नाही. होळकरांच्या ड्यूसेनबर्गसारखी गाडी असेल तर तिच्या अखंड आसाला मीही हात लावू देणार नाही. ती जपून, सावकाश चालवावी. अॅम्बेसेडर मात्र लाखोंनी निघाल्या, आणि तीत पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन मांडवगडास जाणारे कुटुंब बसते. तेथे मूळ स्वरूपाचा अभिमान ब्रेकच्या आड येऊ नये. मात्र जे बसवावयाचे ते नियमांत बसणारे आणि बोल्टने बसणारे असावे, काया कापू नये, आणि काढलेले भाग ग्रीस लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावेत. पुढच्या पिढीला ते परत बसवावेसे वाटले तर तिचा मार्ग मोकळा असावा.

एक सूचना करून लेखणी ठेवतो. इंदूरजवळ पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनांच्या परीक्षणाचे राष्ट्रीय केंद्र आहे. जून २०२१ मध्ये तेथील ११.३ किलोमीटरच्या अतिवेगमार्गाचे उद्घाटन झाले. ब्रेक आणि वळणावरील ताबा तपासण्याचे स्वतंत्र मार्गही तेथे आहेत. जुन्या मोटारींच्या मिरवणुकी शहरोशहरी निघतात, गाड्यांना हार घातले जातात, छायाचित्रे निघतात. वर्षातून एक दिवस या गाड्या पिथमपूरला नेऊन त्यांचे स्टिअरिंग व ब्रेक तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची व्यवस्था झाली, आणि त्या दिवशी आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींना बाजूला उभे राहून ते पाहता आले, तर भूमितीच्या तासाचे ते उत्तम प्रात्यक्षिक ठरेल. केंद्र काही दूर देशी नाही. सकाळी निघालेली बस दुपारच्या जेवणापर्यंत परत येऊ शकते.